आरशातला वर्ग

सप्टेंबर लागला की येतात.
अठरा जण. गळ्यात नावाच्या पट्ट्या, गुडघ्यांना पट्टे,
आणि वह्या. कोऱ्या, अजून दुकानाचा वास असलेल्या.
सत्तरीत पुन्हा शाळेचा पहिला दिवस.

मी हेडली पेन. बस माझी नाही, किल्ली माझी.
डियर लेकच्या विमानतळावरून वुडी पॉइंट,
आणि मग आठ दिवस मोइराबाई सांगतील तिकडे.
त्या पुढे उभ्या राहून माइकवर शिकवतात.
मी आरशातून वर्ग बघतो:
कोण लिहितंय, कोणाचा डोळा लागलाय,
कोण खिडकीला नाक लावून मूस शोधतंय.

शाळा मी चौदाव्या वर्षी सोडली,
की तिनेच मला, आता नक्की सांगता येत नाही.
बाबांच्या होडीत एक माणूस कमी पडत होता एवढं खरं.
मग चौऱ्याण्णवच्या जानेवारीत
आमच्या बाजूची कॉडची मासेमारी बंद केली.
थोड्या दिवसांसाठी, म्हणाले.
बाबा रोज सकाळी खाली जाऊन होडी बघून यायचे,
आजारी माणसाला बघून यावं तशी.

आता मला समुद्र शिकवतात, मागच्या सीटवरून.
टेबललँड्सचा तो गंजका, उघडा डोंगर,
ज्याच्यावर गवतसुद्धा धड धरत नाही,
तो म्हणे समुद्राच्या तळाच्याही खालचा,
पृथ्वीच्या पोटातला, वर ढकलला गेलेला.
आम्ही लहानपणी त्याला नुसतं नापीक म्हणायचो.
अकरा वर्षं ऐकतोय. पाठ झालंय.
एकदा बाईंनी आकडा बदलला, नवीन काही सापडलं म्हणून.
मीही बदलला. मला कोणी विचारणार नव्हतं,
तरी बदलला.

यंदा रेजिनाचे मायरॉन, चाळीस वर्षं दातांचे डॉक्टर,
दगडावर काठी ठोकून कान देत होते,
किडलाय का बघावं तसे.
थिओडोरा दर थांब्यावर विचारायची, म्हणजे किती जुना?
उत्तर तेच यायचं,
आणि ती दर वेळी नव्याने दचकायची.
परीक्षा नाही याची.
कोणी नापास होत नाही, कोणी पुढच्या वर्गात जात नाही.

आणि इर्मगार्ड, एकोणऐंशी, कोर्टात लघुलेखक होती.
सगळं उतरवून घ्यायची, बाईंचा खोकलासुद्धा.
डोंगराच्या पायथ्याशी तिच्या पिशवीचा पट्टा तुटला.
मी खिशातल्या सुतळीने बांधून दिला,
जाळं सांधायची गाठ, दोन वेढे, एक उलटा.
तिने विचारलं, हिला काय म्हणतात?
म्हटलं, काही नाही. बाबा मारायचे, मी मारतो.
कशी मारतात, सांगा.
सांगायला गेलो तर येईना.
हात थांबवला की गाठच विसरायची.
मग ती म्हणाली, मारत राहा, बोलू नका,
आणि वहीत भराभर काहीतरी लिहीत गेली,
कोंबडीने उकरल्यासारख्या रेघा.

रात्री जेवणावर म्हटलं, वाचून दाखवा की.
तिने चष्मा पुसला. पान जवळ नेलं, लांब धरलं.
म्हणाली, हातातून उतरतं हो, भरभर उतरतं.
डोळ्यांना आता लागत नाही.
मग दोघंही हसलो, बराच वेळ,
मायरॉनना वाटलं आम्ही त्यांच्या कवळीला हसतोय.

काल सोडून आलो सगळ्यांना.
इर्मगार्ड पिशवी खांद्याला लावून गेली, गाठ तशीच.
विमानतळावर नवीन पट्टे मिळतात, मी सांगितलं होतं.

सीटखाली दोन पेन्सिली, एक खोडरबर,
कोणाची तरी गुडघ्याची गोळी.
गाडीच्या खणात टाकलं, आधीच्यांबरोबर.
परतीच्या रस्त्याला ऊन कलतं होतं, बस रिकामी,
आरशात नुसत्या सीटा.
वळणावर तो डोंगर आला, तांबूस,
आणि मी म्हणालोच,
आता डावीकडे बघा.